फोनवरचा लिलाव आणि इसाराचे पैसे



कारखान्याचे उसाचे बिल जमा होऊ लागले की आपल्या घराघरांत एक विषय हमखास निघतो. जुना पॉवर टिलर आणखी किती दिवस ओढायचा? बैलजोडी सांभाळायला माणूस मिळत नाही आणि नवा ट्रॅक्टर घ्यावा तर कर्जाचा डोंगर. मग वापरलेला, पण बऱ्यापैकी चालणारा ट्रॅक्टर कुठे मिळतो का, याची चौकशी सुरू होते. पूर्वी ही चौकशी मेस्त्रीकडे, पाहुण्यांकडे किंवा आठवडी बाजारात होत असे. हल्ली ती फोनवर होते. मुलगा फोन पुढे करून सांगतो, "बाबा, बँकेने हप्ते थकलेले ट्रॅक्टर ओढून आणलेत. लिलाव आहे. आज रात्री नऊपर्यंतच बोली लावायची आहे."

लिलाव आपल्याला नवा नाही. गोव्याकडे त्याला पावणी म्हणतात. सुगीच्या सणाला चर्चच्या आवारात पहिल्या भोपळ्याचा, नारळाच्या घडाचा किंवा कोंबड्याचा लिलाव होतो, तेव्हा दोनशे रुपयांची वस्तू हसतखेळत दोन हजारांना जाते आणि कोणाला वाईट वाटत नाही, कारण पैसा कुठे जातो हे सर्वांना ठाऊक असते. बाजार समितीतला लिलावही आपण पाहतो. त्याच्याआधी काय होते हे मात्र जुन्या माणसांनाच आठवत असेल. दलाल आणि व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटे दाबून भाव ठरवीत. त्याला हत्ता पद्धत म्हणत. माल शेतकऱ्याचा असे, पण रुमालाखाली काय ठरले हे त्यालाच कळत नसे. बाजार नियमनाचे कायदे आले तेव्हा ही पद्धत बंद करून उघड लिलाव आणला गेला, तो एवढ्याचसाठी की माल, विकणारा आणि बोली बोलणारे हे तिघे सर्वांच्या डोळ्यांसमोर असावेत.

फोनवरच्या लिलावात तो रुमाल पुन्हा अंथरला गेला आहे. मालाचे फक्त चित्र दिसते, विकणाऱ्याचे फक्त नाव दिसते आणि बोली बोलणारे खरे आहेत की एकाच माणसाने घेतलेली सहा सोंगे, हे कळायला मार्ग नसतो.

सगळेच ऑनलाइन लिलाव खोटे असतात असा याचा अर्थ नाही. अमेरिकेत 1995 साली पुढे ईबे या नावाने प्रसिद्ध झालेले लिलावाचे संकेतस्थळ सुरू झाले. तेथे सुरुवातीला विकली गेलेली वस्तू होती एक मोडका लेझर पॉइंटर, किंमत 14 डॉलर 83 सेंट. विकणाऱ्याने घेणाऱ्याला आवर्जून विचारले होते, "वस्तू मोडकी आहे, हे तुम्हाला माहीत आहे ना?" आपल्या देशात बाझी नावाची अशीच एक कंपनी होती. ती 2004 साली ईबेने घेतली आणि 2018 साली ईबेचे भारतातले दुकान बंद झाले. आज भारतात खरे ऑनलाइन लिलाव होतात ते बहुतेक बँकांचे, कर्ज देणाऱ्या वित्त कंपन्यांचे आणि सरकारी खात्यांचे. केंद्र सरकारची एमएसटीसी ही कंपनी सरकारी भंगार व जुन्या वाहनांचे लिलाव करते. सरकारी बँकांच्या जप्त मालमत्तांसाठी जानेवारी 2025 मध्ये 'बँकनेट' हे संकेतस्थळ सुरू झाले. ट्रॅक्टर ओढून आणणाऱ्या वित्त कंपन्या आपापली यार्डे ठेवतात आणि लिलाव पुकारतात. हे सर्व खरे आहे, आणि खरे आहे म्हणूनच त्याच्या सावलीत खोटे उभे राहू शकते.

आता मूळ मुद्दा. साधी खरेदी करताना आपले लक्ष विकणाऱ्यावर असते. तो काय बोलतो, काय लपवतो, इंजिन गार असताना का सुरू करू देत नाही, हे आपण पाहतो. आपल्या शेतकऱ्याला याबाबतीत कोणी शिकवायला नको. पण लिलाव सुरू झाला की लक्ष विकणाऱ्यावरून उडते आणि दुसऱ्या बोली करणाऱ्यावर जाते. "सातारचा तो माणूस वर चढला, मी पाच हजार वाढवतो." आता तो सातारचा माणूस हाच आपला शत्रू वाटतो, आणि ज्याच्या हाती पैसा द्यायचा त्याच्याकडे पाहायचे राहून जाते. त्यातच घड्याळ. एक वार, दोन वार! ठगाला याहून अधिक काही नको असते.

आपल्या धर्मग्रामातील एका कुटुंबाचे जे झाले ते त्यांच्या परवानगीने सांगतो. गाव आणि नाव सांगत नाही. कोणी तर्क करू नये, आणि तर्क बरोबर निघाला तर बोलून दाखवू नये.

त्या गृहस्थांना व्हॉट्सॲपच्या एका गटात कोणीतरी घातले. गटाच्या नावात एका प्रसिद्ध बँकेचे नाव होते आणि चित्रही तिच्याच चिन्हाचे. रोज दोन-तीन ट्रॅक्टरांचे फोटो येत. एका चांगल्या ट्रॅक्टरची बोली 1,40,000 रुपयांपासून सुरू झाली. तसा ट्रॅक्टर आपल्याकडे साडेचार लाखांखाली मिळत नाही. बोली बोलण्यासाठी 5,000 रुपये 'नोंदणी' म्हणून भरायचे होते, हरल्यास परत. त्यांनी भरले. सहा जण बोलत होते. अखेर 1,85,000 रुपयांना ट्रॅक्टर यांचा झाला. गटातल्या बाकीच्यांनी अभिनंदन केले! मग दहा टक्के, म्हणजे 18,500 रुपये. मग वाहतुकीचा विमा 12,600 रुपये, ट्रॅक्टर दारात पोचताच परत मिळणारा. मग जीएसटीचे 21,000 रुपये, आणि त्यासाठी बायकोच्या बांगड्या सोसायटीत गहाण पडल्या. शेवटी ड्रायव्हर म्हणवणाऱ्याचा फोन आला, की निपाणीजवळ पोलिसांनी गाडी अडवली आहे, 15,000 पाठवा. तेव्हा कुठे त्यांच्या मनात पाल चुकचुकली. एकूण गेले 57,100 रुपये. गटातले ते सहाही जण एकाच टोळीचे असावेत असे पोलिसांचे मत आहे.

प्रत्येक वेळी मागितलेली रक्कम ट्रॅक्टरच्या किमतीपुढे लहान होती, आणि प्रत्येक वेळी न दिली तर आधीची बुडणार होती. ठगाचे गणित हेच असते. तो एकदम दोन लाख मागत नाही. पाच हजारांची खुंटी ठोकतो आणि पुढची दोरी आपणच तिला बांधत जातो.

पैशाहून मोठे नुकसान पुढे झाले. ते गृहस्थ 19 दिवस कोणाशी बोलले नाहीत. बायकोला सांगितले, ट्रॅक्टर वाटेत आहे. जेवण तुटले, झोप गेली, रक्तदाब वाढून दवाखान्यात न्यावे लागले आणि तिथे खाटेवर त्यांनी तोंड उघडले. या पानावर शेतीबरोबर आरोग्याचेही लिहितो, तेव्हा हेही लिहिलेच पाहिजे. तक्रार झाली तेव्हा पैसे चार खात्यांतून फिरून रोख निघून गेले होते. पहिल्याच दिवशी तक्रार झाली असती तर काही भाग तरी खात्यात अडकवता आला असता.

दुसरा एक प्रकार आपल्या बेळगावकडे विशेष चालतो. ट्रॅक्टर, बुलेट किंवा जनरेटर विकणारा आपण सैन्यातले आहोत असे सांगतो. गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवतो. बदली झाली, तातडीने विकायचे आहे, सामान लष्करी गाडीतून पाठवतो, भाडे आगाऊ भरा. आपले बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे गाव. आपल्या कित्येक घरांतला एखादा मुलगा फौजेत आहे, म्हणून जवानाच्या शब्दाला आपण लगेच मान देतो, आणि ठग नेमका तोच मान वापरतो. ओळखपत्राचे चित्र म्हणजे ओळख नव्हे. त्या फोटोतला जवान बहुधा खरा असतो, पण त्याच्या नावाने कोण काय विकते आहे हे त्या बिचाऱ्याला ठाऊकही नसते. शिवाय लष्कराच्या गाड्या कोणाचा खासगी ट्रॅक्टर पोचवण्याचा धंदा करीत नाहीत.

मग खरा लिलाव कसा असतो? जप्त ट्रॅक्टर एखाद्या यार्डात उभा असतो आणि तो पाहण्याचे दिवस व वेळ जाहीर केलेली असते. तुम्ही मेस्त्री घेऊन जाऊ शकता. जाहिरातीत बहुधा 'जसे आहे, जेथे आहे' असे लिहिलेले असते. याचा अर्थ, नंतर गिअर बॉक्स फुटला म्हणून तक्रार चालणार नाही, आणि वाहून आणण्याचा खर्च तुमचा. बोली बोलण्यापूर्वी इसाराची रक्कम भरावी लागते, ती खऱ्या लिलावातही असते. म्हणून 'अनामत मागितली म्हणजे फसवणूक' असा सोपा नियम करता येत नाही. फरक खात्याच्या नावात असतो. बँक किंवा कंपनी आपल्या नावाच्या खात्यात पैसे घेते, एखाद्या कुमार किंवा देवी नावाच्या व्यक्तीच्या खात्यात नव्हे. पैसे पाठवताना ॲपवर खातेदाराचे नाव येते. बटण दाबण्याआधी ते मोठ्याने वाचून दाखवण्याची सवय मुलांना लावा. खऱ्या लिलावात जिंकल्यावरही कर्ज देणाऱ्या कंपनीच्या मंजुरीची वाट पाहावी लागते, वर शुल्क व कर असतात, आणि हे सगळे आधी छापलेल्या अटींत सांगितलेले असते. जिंकल्यानंतर रोज एक नवी 'परत मिळणारी' रक्कम निघत असेल तर तो लिलाव नव्हे.

जाहिरात बँकेची असेल तर त्या बँकेच्या जवळच्या शाखेत जाऊन विचारावे. जाहिरातीत छापलेल्या नंबरवर फोन करू नये, कारण जाहिरात ठगाची असेल तर नंबरही त्याचाच. शाखेत अर्धा दिवस मोडेल, मोडू द्या. एक गोष्ट जाता जाता. बँकांना थकबाकीदाराची तारण मालमत्ता न्यायालयात न जाता विकण्याचा अधिकार 2002 च्या ज्या कायद्याने दिला, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. तेव्हा 'त्या कायद्याखाली बँकेच्या लिलावातली शेतजमीन स्वस्तात' असे कोणी सांगू लागला तर वकिलाला दाखवल्याखेरीज एक रुपयाही देऊ नये.

यार्डात उभा असलेला ट्रॅक्टर कोणाचा तरी मोडलेला हप्ता असतो, हेही बोली बोलताना आठवावे. तो घेण्यात पाप नाही. मात्र आपली बोली आपल्या ऐपतीत असावी, नाहीतर दोन वर्षांनी तोच ट्रॅक्टर त्याच यार्डात परत जाईल. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशोब करणाऱ्या माणसाचा दाखला प्रभूने दिला, तो कंत्राटदारांसाठीच नव्हे. लिलावाच्या आदल्या रात्री नवरा-बायकोने मिळून वरचा आकडा कागदावर लिहावा. त्यात वाहतूक, कर, टायर आणि कागदपत्रांचा खर्च धरावा. तो कागद बायकोकडे असावा. तिने 'बस' म्हटले की थांबावे. आमच्याकडे पुष्कळ पुरुषांना हे पटत नाही, पण घरातल्या बांगड्या कोणाच्या हातातून जातात याचा विचार करावा.

विकणारा आपलीच माणसे उभी करून भाव चढवतो, त्याबद्दल कायदा काय म्हणतो ते सांगतो. माल विक्रीचा आपला कायदा 1930 सालचा. त्याच्या 64 व्या कलमात लिलावाचे नियम आहेत. बोली बोलण्याचा हक्क राखून ठेवल्याचे आधी जाहीर केले नसेल तर विकणाऱ्याने स्वतः किंवा आपल्या माणसाकरवी बोली बोलणे बेकायदा आहे, आणि खोट्या बोलीने भाव वाढवला असेल तर घेणाऱ्याला तो सौदा रद्द करता येतो. कायदा चांगला आहे. पण तो वापरायला विकणारा सापडावा लागतो. फोनवर सापडत नाही.

पैशाच्या बाबतीत एकच गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे निम्मी संकटे टळतील. यूपीआयचा पिन हा आपल्या खात्यातून पैसे बाहेर जाण्यासाठी असतो. पैसे आत येण्यासाठी पिन लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, काहीच करावे लागत नाही. 'तुमची अनामत परत करतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका' असे कोणी म्हणाला तर तो परत करीत नसून आणखी नेत आहे. तसेच व्हॉट्सॲपवर आलेले ॲप फोनमध्ये टाकू नये, आणि 'मदत करतो' म्हणून फोनची स्क्रीन दाखवायला सांगणारे ॲप तर मुळीच नको. त्यातून आपले संदेश आणि ओटीपी तिकडे वाचले जातात. माल आला नाही म्हणून इंटरनेटवर तक्रारीचा नंबर शोधाल तर तिथेही सावध राहा, कारण ठगांनी तिथेही आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. बुडालेले पैसे काढून देतो, आधी फी द्या, असे सांगणारा तर त्याच टोळीचा चुलत भाऊ समजावा. आपल्या तरुण मुलांना एक सांगणे: महिन्याला काही हजार देऊन तुमचे बँक खाते 'वापरायला' मागणारे भेटतील. चोरीचे पैसे याच खात्यांतून फिरतात आणि पोलीस पहिल्यांदा येतात ते खातेदाराच्याच दारी.

एवढे करूनही फसवणूक झालीच, तर त्याच तासाला 1930 या क्रमांकावर फोन करावा. हा सायबर आर्थिक फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. (कायद्याचे साल आणि हा क्रमांक एकच आहे, लक्षात ठेवायला सोपे.) फोन करताना रक्कम, वेळ, आपली बँक आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवावा. त्यावरून पैसे कोणत्या खात्यात गेले हे शोधून पुढच्या बँकेला ते रोखायला सांगता येते. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. आपल्या बँकेच्या शाखेतही लेखी द्यावे. रागाच्या भरात संदेश, फोटो, गट काही पुसून टाकू नये, तोच पुरावा असतो. पोलीस ठाण्यात 'हा गुन्हा आमच्या हद्दीतला नाही' असे उत्तर मिळाले तर नम्रपणे सांगावे की 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या 173 व्या कलमात, हद्दीचा विचार न करता खबर नोंदवण्याची तरतूद आहे. फसवणुकीचे जुने 420 कलम आता न्याय संहितेत 318 झाले आहे. लोकांच्या तोंडी मात्र चारशेवीसच राहणार!

घरच्यांनीही एक करावे. फसलेल्या माणसाला त्या रात्री शहाणपण शिकवू नये. "एवढे कळले नाही का" हे वाक्य ऐकावे लागेल या भीतीनेच माणसे 19 दिवस गप्प बसतात. या टोळ्यांना शिकलेली माणसे, नोकरदार, बँकेत काम केलेली माणसेही बळी पडली आहेत. आधी 1930 ला फोन लावा, मग पाणी द्या, बाकीचे सकाळी बोलता येईल.

आता ट्रॅक्टर खरा आहे, विकणाराही खरा आहे असे ठरले, तर कागदांकडे वळू. इंजिन नंबर आणि चासी नंबर आर.सी.शी स्वतः ताडून पाहावे. नंबरावर घासल्याच्या किंवा पुन्हा ठोकल्याच्या खुणा दिसल्या तर परत फिरावे. परिवहन खात्याच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकला की नोंदणीची माहिती दिसते. कर्जाचा बोजा असेल तर तो उतरल्याचा नमुना 35 आणि वित्त कंपनीचे ना हरकत पत्र घ्यावे. मालकी बदलण्यासाठी नमुना 29 आणि 30 लागतात. जप्तीचा ट्रॅक्टर असेल तर आर.सी. जुन्या मालकाच्या नावावर असते, आणि ती वित्त कंपनीने आधी आपल्या नावावर करून घेण्यासाठी नमुना 36 असतो. हे काम कोण करणार आणि किती दिवसांत, ते लेखी घ्यावे. घेणाऱ्याने 30 दिवसांत हस्तांतर आर.टी.ओ.ला कळवायचे असते. आपण सीमेवर राहणारी माणसे. चंदगड-गडहिंग्लजकडचा, एम.एच.-09 चा ट्रॅक्टर स्वस्त पडला म्हणून खानापुरात आणला, तर तिकडच्या आर.टी.ओ.चे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना 28, हवे. ते नसेल तर इथे नोंदणी अडते आणि नांगरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर अंगणात उभा राहतो. ते प्रमाणपत्र हातात पडल्यावरच शेवटची रक्कम द्यावी.

युवक मंडळातील दोघे जण दर रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर धर्मग्राम कार्यालयात बसतात. गाडीचा क्रमांक तपासून देणे, जाहिरातीतल्या अटी वाचून दाखवणे, शाखेचा खरा पत्ता काढून देणे एवढे ते करतील. येताना जाहिरात, आर.सी.ची प्रत आणि चष्मा आणावा. पिन कोणालाही सांगू नये, त्यांनाही नाही. इसार भरण्याच्या आधी यावे.